बेसबॉलच्या मासिकात उमेदवारी करायची असेल तर

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मला दोन-तीन ईमेल हमखास येतात. लिहिणारी मुलं वेगवेगळी, प्रश्न मात्र एकच: "ताई, मला बेसबॉलमध्ये करिअर करायचंय, इंटर्नशिप कुठे मिळेल?" कुणी पुण्याहून अमेरिकेत एमएस करायला गेलेलं असतं, तर कुणी न्यू जर्सीत जन्मून लिटल लीग खेळत मोठं झालेलं मराठी घरातलं पोर असतं. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासाला अमेरिकेत गेले, तिथे या खेळाच्या प्रेमात पडले आणि एक आख्खा उन्हाळा एका बेसबॉल मासिकात इंटर्न म्हणून काढला. तेव्हा जे शिकले ते दर वेळी तुकड्यातुकड्याने लिहिण्यापेक्षा एकदा सलग लिहावं म्हणून हा लेख.

इंटर्नशिपला आपल्याकडे फार नेमका जुना शब्द आहे: उमेदवारी. सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या ऑफिसात पोरं उमेदवारी करायची. आधी केर काढायचा, मग हत्यारांची नावं शिकायची, आणि बऱ्याच दिवसांनी एखादं हत्यार हातात यायचं. बेसबॉलच्या मासिकातही क्रम हाच आहे. खेळाचं वेड अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला असतं, त्यामुळे वेड कितीही खरं असलं तरी ते तुम्हाला गर्दीतून वेगळं काढत नाही. कंटाळवाणं काम बिनचूक करणारं माणूस मात्र पहिल्या आठवड्यातच संपादकाच्या नजरेत भरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी जागा ओळखा

"बेसबॉलचं प्रकाशन" म्हटलं की सगळी एकाच छापाची वाटतात, पण तसं नाही. बेसबॉल अमेरिका हे मासिक १९८१ मध्ये ॲलन सिम्पसन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातून सुरू केलं आणि पुढे ते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहममध्ये स्थिरावलं. त्याचा जीव उगवत्या खेळाडूंमध्ये आहे: कॉलेज, हायस्कूल, मायनर लीग (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालची, तयारीची पायरी), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीने केलेली निवड). त्यांच्या वार्षिक प्रॉस्पेक्ट हँडबुकात ३० संघांचे प्रत्येकी ३०, म्हणजे ९०० खेळाडूंचे अहवाल असतात. बेसबॉल प्रॉस्पेक्टस १९९६ मध्ये आणि फॅनग्राफ्स २००५ मध्ये सुरू झालं. या दोघांचा कणा आकडेवारी आणि विश्लेषण. यांशिवाय शहराशहरातली वर्तमानपत्रं आहेत, तिथे एकेका संघामागे वर्षभर फिरणारा वार्ताहर असतो. एमएलबी डॉट कॉम हे संकेतस्थळ तर खुद्द मेजर लीगचंच.

तुम्हाला कुठे जायचं आहे त्यावरून जागा निवडा. माणसांशी बोलून लिहायला आवडत असेल तर वर्तमानपत्र किंवा उगवत्या खेळाडूंचं मासिक. आकड्यांत रमत असाल तर विश्लेषणाची संकेतस्थळं. खेळाडू निवडण्याच्या कामात जायचं स्वप्न असेल तरी मी आधी मासिकच सुचवेन. क्लबात इंटर्न झालात तर एकाच संघाची विचारपद्धत कळते, तीही करारातल्या गुप्ततेच्या कलमांसकट. मासिकात बसून तीसही संघ दिसतात, आणि तुम्ही केलेलं काम जगाला दाखवता येतं.

मोठ्या नावांवरच डोळा ठेवू नका, हेही इथेच सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड लीगमध्ये दर उन्हाळ्यात दहा गावांचे दहा संघ खेळतात. खेळाडू सगळे कॉलेजचे, बॅट लाकडी, राहायची सोय गावातल्या घरांमध्ये. हे संघ दर वर्षी इंटर्न घेतात: सामन्याचे वृत्तांत लिहायला, समालोचन करायला, आकडे ठेवायला. आज मेजर लीगमध्ये खेळणारे कितीतरी जण त्या मैदानांवरून गेले आहेत. मायनर लीगचे १२० संलग्न संघ आहेत, तेही लहान लहान गावांत. अशा ठिकाणी माणसं कमी, त्यामुळे पहिल्याच महिन्यात खरं काम हातात पडतं.

क्रिकेटचं शिक्षण वाया जात नाही

"मी क्रिकेटवाली, मला बेसबॉल कुठून कळणार" ही धास्ती मलाही होती. ती घालवायला मला हेन्री चॅडविक उपयोगी पडले. १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मलेले हे गृहस्थ न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे. १८५६ मध्ये क्रिकेटचा सामना आटोपून परतताना त्यांनी बेसबॉलचा एक चांगला सामना पाहिला आणि ते या खेळाला कायमचे चिकटले. सामन्याचा सारा हिशेब एका चौकटीत मांडणारा बॉक्स स्कोअर रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद होण्याला) 'के' लिहायची पद्धतही त्यांचीच, 'स्ट्रक' या शब्दाचं इंग्रजीतलं शेवटचं अक्षर. बेसबॉलच्या पत्रकारितेचा पाया क्रिकेटच्या वार्ताहराने घातला, हे अर्ज लिहिताना मनात असू द्या.

तयारीची पहिली पायरी म्हणजे स्कोअरबुक भरायला शिकणं. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला) ६, आणि आउटफिल्डमध्ये डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, की वहीत ६-४-३ लिहायचं. पन्नास सामने पेन-वहीने लिहून काढा. ॲपवर नको. हाताने लिहिताना प्रत्येक चेंडूला लक्ष द्यावं लागतं, आणि सातव्या इनिंगमध्ये (सामन्यातल्या नऊ डावांपैकी सातव्या) पिचर का बदलला असेल हे कागदाकडे बघूनच कळायला लागतं.

महाराष्ट्रात असाल तर वेळ सोयीची आहे. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ) आल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. कॉलेजला जाण्याआधी एक सामना वहीत उतरतो.

दुसरी तयारी स्पॅनिशची, आणि हा सल्ला मुलं सर्वांत कमी ऐकतात. मेजर लीगमधले चौथ्या हिश्शाहून जास्त खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात, त्यांत डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाचे सर्वाधिक. एकोणीस वर्षांचा, घरापासून दूर आलेला पिचर इंग्रजीत तीन शब्दांत उत्तर देतो आणि स्वतःच्या भाषेत दहा मिनिटं बोलतो. आपण मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी माणसं, चौथी आपल्याला जड जाऊ नये.

दाखवायला काम हवं

अर्जासोबत लेखांचे नमुने मागतात. "अजून कुठे छापून आलं नाही" ही अडचण सोडवण्याचा सगळ्यांत सरळ रस्ता कॉलेजच्या वर्तमानपत्रातून जातो. थिओ एपस्टीन येल विद्यापीठाच्या दैनिकात क्रीडाविषयक लिहायचे, सुट्टीत बाल्टिमोर ओरिओल्समध्ये इंटर्न म्हणून काम करायचे, आणि २००२ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बॉस्टन रेड सॉक्सचे जनरल मॅनेजर (संघबांधणी पाहणारे) झाले. तुमच्या विद्यापीठाचा संघ लहान असेल तर उलट बरं, तिथे लिहायला कुणी नसतं.

भारतात बसून करता येण्यासारखं काम म्हणजे सेबर. सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च ही संस्था १९७१ मध्ये कूपर्सटाउनला स्थापन झाली. तिच्या चरित्र प्रकल्पात सभासद एकेका खेळाडूचं चरित्र लिहितात, तपासनीस त्यातली प्रत्येक तारीख आणि आकडा पडताळतात, मग ते प्रसिद्ध होतं. एक चरित्र लिहायला दोन-तीन महिने जातील. पण विसरलेल्या एखाद्या खेळाडूबद्दल पुराव्यानिशी लिहिलेली तीन हजार शब्दांची गोष्ट कुठल्याही "माझं बेसबॉलवरचं प्रेम" छाप निबंधापेक्षा वजनदार ठरते.

आकड्यांच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी सामान फुकट पडलेलं आहे. रेट्रोशीट या १९८९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने जुन्या सामन्यांच्या एकेका खेळीची नोंद खुली केली आहे. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्टची यंत्रणा चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटतानाचा कोन मोजते, आणि ती माहिती बेसबॉल सॅव्हंटवरून उतरवून घेता येते. पायथन किंवा आर, आणि एसक्यूएल एवढं येत असलं की पुरे. एकच छोटा प्रश्न घ्या, त्याचं उत्तर शोधा आणि ते साध्या भाषेत आठशे शब्दांत लिहा. प्रश्न जितका लहान, तितकं उत्तर पक्कं.

अर्ज

उन्हाळ्यातल्या जागांच्या जाहिराती बहुधा आधीच्या हिवाळ्यातच निघतात. म्हणून ऑक्टोबरपासून दर आठवड्याला एक तास यासाठी राखून ठेवा. टीमवर्क ऑनलाइन या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर क्लबांच्या जागा येतात, फॅनग्राफ्सही क्लबांच्या विश्लेषण विभागातल्या जाहिराती छापतं, मासिकांच्या जागा त्यांच्या स्वतःच्या पानांवर. प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा: तारीख, कुणाला लिहिलं, काय जोडलं.

पत्र एका पानाचं. पहिल्या ओळीत बालपण नको. माझं पहिलं पत्र "लहानपणापासून मला खेळांची आवड" असं सुरू होत होतं आणि त्याला एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. नंतरचं पत्र मी असं सुरू केलं: "गेल्या मोसमात आमच्या विद्यापीठाचे ३४ सामने मी स्वतः स्कोअर केले. त्यातून लिहिलेले तीन लेख सोबत आहेत." त्याला दोन उत्तरं आली. पत्रात त्या मासिकातल्या एका ताज्या लेखाचा उल्लेख करा आणि त्यातून पुढे कुठली बातमी निघू शकते ते दोन ओळींत सुचवा. तुम्ही खरोखर वाचता, हे त्यातून आपोआप कळतं.

स्पेलिंग तपासा, मग दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. असोसिएटेड प्रेसची लेखनशैली अमेरिकेतल्या बहुतेक संपादकीय विभागांत पाळली जाते. आकडे कधी अंकांत, कधी अक्षरांत, तारखा कशा, हे तिच्या पुस्तिकेतून पाठ करून टाका. अनेक ठिकाणी मुलाखतीआधी संपादनाची छोटी परीक्षा घेतात. चुका मुद्दाम पेरलेला परिच्छेद हातात देतात आणि वेळ लावतात.

व्हिसा आणि पैसे

हा भाग रुक्ष आहे, पण इथे चूक झाली तर शिक्षणच धोक्यात येतं, म्हणून सावकाश वाचा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल तर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी परवानगी लागते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायची असेल तर सीपीटी नावाची परवानगी. त्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि विद्यापीठातल्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने) तुमच्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर नोंद केल्यावरच कामाला हात लावायचा. एक दिवसही आधी नाही. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त वापरलीत तर त्या पदवीच्या पातळीवरची ओपीटी (बहुधा पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) हातची जाते. ओपीटी १२ महिन्यांची असते आणि तिच्या काळात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयाच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात, पण पत्रकारितेची पदवी सहसा त्या यादीत बसत नाही. सांख्यिकी, डेटा सायन्स, संगणकशास्त्रवाल्यांना हा मोठा फायदा आहे, आणि क्लबांच्या विश्लेषण विभागात नेमकी हीच मुलं हवी असतात. भारतातल्या विद्यापीठात शिकत असाल तर जे-१ व्हिसात इंटर्न असा वेगळा वर्ग आहे, तोही तपासा. नियम बदलत राहतात, म्हणून शेवटचा शब्द डीएसओचा. मित्राच्या मित्राचा अनुभव इथे चालत नाही.

"बिनपगारी आहे, मग परवानगी कशाला" असं म्हणणारी मुलं मला भेटली आहेत. कृपा करून असं गृहीत धरू नका. बिनपगारी असली तरी आधी डीएसओला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने इंटर्नला पगार न देता ठेवायचं असेल तर त्या व्यवस्थेचा मुख्य लाभ कंपनीपेक्षा विद्यार्थ्याला व्हायला हवा, अशी अमेरिकेतली कसोटी आहे. नुसतं राबवून घेत असतील तर नाही म्हणा. बिनपगारी उन्हाळा म्हणजे भाडं, जेवण, बसभाडं सगळी पदरमोड, आणि ती प्रत्येकाच्या घरच्यांना झेपत नाही. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल तर पगारी जागाच शोधा, मग ती लहान गावातल्या वर्तमानपत्रात का असेना. राहायच्या जागेसाठी जवळच्या मराठी मंडळाकडे विचारायला संकोच करू नका. मला पहिले तीन आठवडे एका काकूंनी तळघरातली खोली दिली होती आणि रात्री अकराला सामन्यावरून परतल्यावर ओट्यावर झाकून ठेवलेला वरणभात मिळायचा.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मैदानावर पाठवतील. मला दिली गेली एक खुर्ची, दोन पडदे आणि मायनर लीगमधल्या पिचरांचा तक्ता. प्रत्येक ओळीतला ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, ताजे आकडे घालून नव्याने काढायचा होता. मी स्प्रेडशीटमध्ये सूत्र टाकलं, खाली ओढलं आणि अर्ध्या तासात काम संपवून दिलं.

संपादकांनी छापील प्रत परत आणली तेव्हा पहिल्याच ओळीवर पेन्सिलचं वर्तुळ होतं. पिचरच्या नावापुढे इनिंग ६१.२, अशा दिलेल्या धावा २३, आणि माझा ईआरए ३.३८. खरा आकडा ३.३६. बेसबॉलमध्ये ६१.२ म्हणजे एकसष्ट पूर्ण इनिंग आणि पुढच्या इनिंगमधले दोन बाद. एका इनिंगला तीन बाद, म्हणजे तो आकडा एकसष्ट पूर्णांक दोन तृतीयांश. संगणकाने मात्र दशांश धरला. क्रिकेटमध्ये १२.४ षटकं म्हणजे बारा षटकं आणि चार चेंडू, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी मी चुकले होते. शंभरावर ओळींचा तो तक्ता त्या संध्याकाळी मी पहिल्यापासून केला. फरक दोन शतांशांचा. पण तो तक्ता वाचणाऱ्यांत त्या पिचरची आई असते, एजंट असतो, दुसऱ्या क्लबचा स्काउट (खेळाडू हेरणारा) असतो.

तेव्हापासून मी तीन सवयी लावून घेतल्या. इनिंगचा आकडा आधी बादांमध्ये बदलायचा, १८५ बाद, मग हिशेब. निकाल आल्यावर कुठल्याही पाच ओळी हाताने पडताळायच्या. आणि नाव कधीच नुसतं नाव म्हणून शोधायचं नाही, खेळाडूच्या ओळख क्रमांकाने शोधायचं.

या तिसऱ्या सवयीवर जरा थांबते. आपल्या वर्गात दोन प्रसाद कुलकर्णी असायचे तसे बेसबॉलमध्ये सारख्या नावांचे खेळाडू ढिगाने आहेत. २०२१ आणि २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये एकाच वेळी तीन लुइस गार्सिया खेळत होते: ह्यूस्टनचा पिचर, वॉशिंग्टनचा इनफिल्डर आणि एक अनुभवी रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात उतरणारा पिचर). २०२० च्या नॅशनल लीग अजिंक्यपदाच्या मालिकेत पाचव्या सामन्यात अटलांटाच्या विल स्मिथने टाकलेल्या चेंडूवर लॉस एंजलिसच्या विल स्मिथने तीन धावांचा होम रन मारला. रात्री साडेअकराला, मजकूर पाठवायला दहा मिनिटं उरलेली असताना, असं वाक्य गोंधळ न होता लिहिता आलं पाहिजे. स्पॅनिश नावांवरची चिन्हं गाळू नका. आपल्या नावातला अनुस्वार कुणी उडवला की आपल्याला जे वाटतं, तेच त्यांनाही वाटतं.

फोन उचला

ड्राफ्ट जुलैमध्ये असतो. २०२१ पासून त्यात २० फेऱ्या असतात आणि सहाशेहून जास्त खेळाडू निवडले जातात. त्याआधीचे आठवडे मासिकात सगळ्यांत धावपळीचे. इंटर्नला कॉलेजच्या प्रशिक्षकांची यादी मिळते आणि फोन लावायला सांगतात. आजच्या मुलांना मेसेज सोपा वाटतो, फोनची धास्ती वाटते. मलाही वाटायची. माझा उपाय साधा होता: तीन प्रश्न कागदावर लिहायचे, उभं राहून बोलायचं, आणि पहिल्या वाक्यात नाव, मासिक आणि किती मिनिटं हवीत ते सांगायचं. उच्चारांमुळे कुणी "पुन्हा सांगा" म्हटलं तर शांतपणे पुन्हा सांगा. शेवटी एक प्रश्न कायम ठेवा: "मी विचारायला हवं होतं असं काही राहिलं का?" चांगल्या गोष्टी बहुतेक वेळा तिथेच निघतात.

स्काउट लोक बहुधा नाव न छापण्याच्या अटीवर बोलतात. ही अट बोलण्याआधी ठरते, नंतर नाही, आणि कुठला शब्द वापरायचा, कुठला नाही हे तुमच्या संपादकाला विचारून घ्या. दिलेला शब्द एकदा मोडलात तर या क्षेत्रातली दारं कायमची बंद होतात. सगळे एकमेकांना ओळखतात.

त्यांची भाषा समजून घ्या. खेळाडूचं प्रत्येक कौशल्य २० ते ८० च्या मापावर मोजतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. फटका, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक अशी पाच कौशल्यं. उजव्या हाताच्या फलंदाजाने होम प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंतची नव्वद फुटं साधारण ४.३ सेकंदांत काढली तर त्याची धाव ५० मानतात. डावखुरा बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो, त्याला ४.२ लागतात. स्टॉपवॉच विकत घ्या आणि मैदानावर प्रत्येक धाव मोजा. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की कळ दाबायची, बेसवर पाय पडला की पुन्हा. पहिल्या दिवशी तुमचे आणि शेजारच्या स्काउटचे आकडे जुळणार नाहीत. महिन्याभराने जुळायला लागतात.

प्रेस बॉक्स आणि क्लबहाउस

प्रेस बॉक्समध्ये (वार्ताहरांच्या कक्षात) टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओरडायचं नाही, संघाची टोपी घालायची नाही. सही मागायची नाही, खेळाडूबरोबर फोटो काढायचा नाही. पहिल्यांदा क्लबहाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, गेलात तर दाराजवळ उभं राहून कोण कुठे बसतं ते पाहा. कपडे बदलणाऱ्या किंवा हेडफोन लावलेल्या खेळाडूकडे जाऊ नका. ज्येष्ठ वार्ताहर बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नका.

मुलींसाठी वेगळं लिहिते. हे दार आपल्यासाठी कुणीतरी झगडून उघडलं आहे. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) मेलिसा लुडकी या पत्रकार महिलेला क्लबहाउसमध्ये प्रवेश नाकारला, ती न्यायालयात गेली आणि १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तरीही १९८४ मध्ये पत्रकार क्लेअर स्मिथला एका क्लबहाउसमधून बाहेर काढण्यात आलं. त्याच क्लेअर स्मिथला २०१७ मध्ये बेसबॉल लेखकांच्या संघटनेचा सर्वोच्च सन्मान मिळाला. तुम्ही तिथे कामाला आला आहात, उपकारावर नाही. कुणी वावगं बोललं किंवा वागलं तर त्याच दिवशी वेळ, जागा, शब्द लिहून ठेवा आणि संपादकाला सांगा. गप्प बसण्याला इथे कुणी सोशिकपणा म्हणत नाही.

स्वतःची बातमी काढा

तक्ते, फोन, मुलाखतींचं टंकलेखन हे सगळं नीट झालं की साधारण पाचव्या आठवड्यात स्वतःची कल्पना मांडा. मोठ्या खेळाडूवर नको, त्याच्यावर दहा जण लिहीत असतात. तक्ता करताना जे खटकलं, त्यातून विषय काढा. माझ्या तक्त्यात एका डबल-ए (मायनर लीगमधली एक पातळी) संघाच्या तीन पिचरांचे वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) अचानक निम्म्याने घटलेले दिसले. मी तिथे दोन तास बस करून गेले, बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागी, सराव पाहिला. प्रशिक्षकांनी होम प्लेटच्या दोन्ही कडांना रंगीत दोऱ्या ताणल्या होत्या आणि पिचर त्या दोऱ्यांमधून चेंडू टाकत होते. बातमी सातशे शब्दांची झाली, पण ती माझी होती, आणि पुढच्या तीन अर्जांना मी तीच जोडली.

पुढे काय

लेखनात राहायचं ठरवलंत तर वाटचाल लांबची आहे. बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका १९०८ पासून आहे, आणि हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या सन्मानासाठी) मत द्यायचं तर सलग दहा वर्षांचं सभासदत्व लागतं. वर्तमानपत्रातल्या नोकऱ्या कमी होत चालल्या आहेत हे घरच्यांपासून लपवू नका. संपादन, ध्वनिमुद्रण, आकडे यांपैकी आणखी एक काम हाताशी ठेवा.

क्लबाकडे जायचा रस्ता मासिकातून खरोखर जातो. बिल जेम्स कॅन्ससमध्ये डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. १९७७ पासून ते स्वतः छापलेली आकडेवारीची पुस्तिका विकायचे, आणि पाव शतकानंतर रेड सॉक्सने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. जेम्स क्लिक बेसबॉल प्रॉस्पेक्टससाठी लिहायचे. तिथून टँपा बे रेज, तिथून ह्यूस्टन ॲस्ट्रोजचे जनरल मॅनेजर, आणि २०२२ मध्ये विजेतेपद. हाइम ब्लूम यांनीही त्याच ठिकाणी लिहिलं, २००५ मध्ये रेजकडे इंटर्न म्हणून गेले आणि पुढे रेड सॉक्सच्या बेसबॉल विभागाचे प्रमुख झाले. किम अँग शिकागो व्हाइट सॉक्समध्ये इंटर्न होत्या. २०२० मध्ये मायामी मार्लिन्सनी त्यांना जनरल मॅनेजर केलं, या पदावरची पहिली महिला. तीस वर्षं लागली, हा आकडाही लक्षात असू द्या.

स्वतःला मुदत घाला. मी दोन वर्षांची घातली होती. दोन वर्षांत तीन छापील गोष्टी, एक पगारी जागा आणि फोन उचलणारी दहा माणसं एवढं झालं नाही तर दिशा बदलायची, असं वहीत लिहून ठेवलं होतं. बदलावी लागली असती तरी बिनचूक तक्ता करणारं, अनोळखी माणसाला फोन करून माहिती काढणारं माणूस कुठल्याही ऑफिसला हवंच असतं.

शेवटच्या आठवड्यात संपादकांबरोबर अर्धा तास मागून घ्या आणि विचारा, "मी कुठे कमी पडले?" ऐकताना समर्थन करू नका, लिहून घ्या. ज्यांनी फोनवर वेळ दिला त्या प्रत्येकाला आभाराचं पत्र, आणि त्यांच्याबद्दल छापून आलं असेल तर अंक. मग तुमच्या जागेवर येणाऱ्या पुढच्या इंटर्नसाठी टिपण लिहून ठेवा: कुठली फाइल कुठे, कुठला प्रशिक्षक सकाळीच बोलतो, कुठल्या मैदानाची शेवटची बस किती वाजता. माझं टिपण चार पानांचं झालं. त्याची पहिली ओळ होती: ६१.२ म्हणजे एकसष्ट पूर्णांक दोन तृतीयांश.